बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज फाटतो? जुन्या सोल-फंक एलपींसाठी तपासणीचा क्रम

जुने सोल आणि फंक ॲल्बम जमवणाऱ्यांची एक तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. रेकॉर्ड दिसायला चकचकीत, पहिली दोन-तीन गाणी सुरेख वाजतात, आणि सुई लेबलजवळ पोहोचली की आवाज फाटायला लागतो. बहुतेक जण दोष रेकॉर्डला देतात आणि तोच ॲल्बम पुन्हा मागवतात. दुसरी प्रतही तशीच वाजते. असे प्लेयर मी बरेच दुरुस्त केले आहेत. पुष्कळदा रेकॉर्ड ठीकच असते, गडबड सुईत किंवा सुईच्या मांडणीत निघते. म्हणून दुसऱ्या प्रतीचे पैसे भरण्याआधी हा क्रम पूर्ण करा. सुरुवातीच्या तपासण्या फुकट आहेत.

लक्षणं नीट ओळखा

हा लेख तुमच्यासाठी आहे, जर:

- बाजूची सुरुवात स्वच्छ आणि शेवटची पाच-सहा मिनिटं खरखरीत असतील;
- गायकाच्या तोंडचे 'स', 'श', 'च' थुंकल्यासारखे उडत असतील;
- ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन आणि झांजा एकत्र आल्या की सगळ्याचा गोळा होत असेल, पण बेस मात्र ठीक ऐकू येत असेल;
- फाटणं एका स्पीकरमध्ये जास्त आणि दुसऱ्यात कमी असेल.

पहिल्या गाण्यापासूनच सगळं फाटत असेल, तर प्रश्न वेगळा आहे. प्लेयरच्या मागचं फोनो-लाइनचं बटण बघा. ते 'लाइन'वर असेल आणि वायर ॲम्प्लिफायरच्या 'फोनो' सॉकेटमध्ये असेल, तर आवाज दोनदा वाढवला जातो. बेस फुगतो आणि सगळंच चिरकतं. बटण 'फोनो'वर करा किंवा वायर 'ऑक्स'मध्ये घाला, काम झालं. फक्त बेस घुमत असेल आणि आवाज वाढवला की हुंकार उठत असेल, तर प्लेयर आणि स्पीकर एकाच टेबलावर आहेत. ते वेगळे करा.

शेवटच्याच गाण्यात का?

हे कळलं की पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी आहे ते आपोआप कळतं.

एलपी मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास, नेमकं सांगायचं तर ३३⅓ फेरे फिरते. म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा, बाहेरही आणि आतही. पण बाहेरच्या कडेला त्या १.८ सेकंदांत सुईखालून सुमारे ९२ सेंटिमीटर खाच सरकते, आणि लेबलजवळ जेमतेम ३८. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. १०,००० हर्ट्झची एक लाट बाहेर साधारण ०.०५ मिलिमीटर लांब असते, आत ०.०२. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या असते ०.०१८ मिलिमीटर. एवढी जाड सुई एवढ्या बारीक वळणांत बसतच नाही, ती त्यांच्यावरून घसरत जाते. ते घसरणं म्हणजेच आपल्याला ऐकू येणारं फाटणं.

सोल ॲल्बममध्ये हे इतर संगीतापेक्षा जास्त बोचतं, कारण बाजूच्या शेवटी अनेकदा सगळ्यात भरगच्च गाणं असतं. मार्विन गेचा १९७१चा 'व्हॉट्स गोइंग ऑन' घ्या. पहिली बाजू 'मर्सी मर्सी मी'वर संपते, दुसरी 'इनर सिटी ब्लूज'वर, आणि दोन्हीत गेचाच आवाज स्वतःवर अनेक थरांनी रचलेला आहे. स्टीव्ही वंडरच्या १९७६च्या 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ'ची चौथी बाजू 'अनदर स्टार'ने संपते. त्यात आठ मिनिटांहून जास्त वेळ पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि कोरस अखंड चालू असतात.

सगळ्यात कठीण परीक्षा आयझॅक हेजच्या १९६९च्या 'हॉट बटर्ड सोल'ची. दुसरी बाजू जवळजवळ २४ मिनिटांची आहे, आणि त्यातली १८ मिनिटांहून जास्त एकट्या 'बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स'ची. सुरुवातीला हेज ऑर्गनच्या एका सुरावर नुसता बोलत राहतो. ऑर्केस्ट्रा चढतो तेव्हा सुई आतल्या भागात पोहोचलेली असते. बाजू एवढी लांब असली की खाचा दाटीने कापाव्या लागतात, त्यामुळे एकूण आवाजही जरा दबका ठेवावा लागतो. ही बाजू जो प्लेयर स्वच्छ वाजवतो, त्याच्याबद्दल मला काळजी उरत नाही. माझ्याकडे आलेला प्रत्येक प्लेयर परत देण्याआधी मी त्यावर हीच बाजू लावतो.

आधी खात्री करा की दोष मूळ ध्वनिमुद्रणातला नाही

खर्च शून्य. तेच गाणं डिजिटल स्वरूपात हेडफोनवर ऐका. फाटणं त्याच शब्दावर, तसंच ऐकू आलं, तर ते मूळ टेपमध्ये आहे आणि तुमचा प्लेयर निर्दोष आहे. साठच्या दशकातल्या सोलमध्ये गायक मायक्रोफोनला पुरून उरल्याच्या जागा पुष्कळ आहेत, आणि त्या आवाजाचा तो भागच आहे. स्लाय अँड द फॅमिली स्टोनचा १९७१चा 'देअर्स अ रायट गोइन ऑन' तर पहिल्यापासून शेवटपर्यंत धूसर आहे. स्लाय स्टोनने त्याच टेपवर इतक्या वेळा नवे थर चढवले की टेपच झिजली. त्या रेकॉर्डवरून प्लेयरची पारख करू नका. कुठलीही सुई लावली तरी तो ॲल्बम लख्ख होणार नाही, आणि होऊही नये.

मग दुसरी एखादी रेकॉर्ड, शक्यतो नवी घेतलेली, शेवटच्या गाण्यापासून लावा. तीही फाटली तर प्लेयरकडे या. ती स्वच्छ वाजली तर संशय पहिल्या रेकॉर्डवर, पण निकाल अजून द्यायचा नाही. आधी धुवायची आहे.

सुईकडे बघा

मोबाइलचा टॉर्च आणि एक भिंग पुरे. सुईच्या टोकाला धुळीची लव चिकटलेली असते, ती डोळ्यांना सहज दिसत नाही. लव असली की सुई खाचेच्या भिंतींवर नीट बसत नाही, आणि त्याचा फटका आधी आतल्या बारीक वळणांना बसतो. मऊ ब्रशने मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांडीच्या) बुडापासून तुमच्याकडे, हलकेच पुसा. आडवा हात कधीही फिरवू नका. सुई ज्या बारीक नळीवर बसवलेली असते ती कॅन्टिलीव्हर एका चुकीच्या फटक्यात वाकते, आणि ती सरळ होत नाही.

घरातल्या जुन्या चेंजरवर (रेकॉर्डी आपोआप बदलणाऱ्या प्लेयरवर) किंवा सुटकेस-प्लेयरवर ऐकत असाल, तर कार्ट्रिजवर, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डब्यावर, सुई उलटवायचा एक छोटा खटका शोधा. एका बाजूला एलपीची सुई असते, दुसऱ्या बाजूला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची. ती दुसरी सुमारे चौपट जाड असते. खटका चुकीच्या बाजूला राहिला की एलपीचा आवाज पातळ, खरखरीत येतो आणि खाचही खरवडली जाते. एका बोटाचं काम आहे, पण वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलेलं नसतं.

रेकॉर्ड धुवा

कोरडा कार्बन-फायबर ब्रश वरची धूळ काढतो, खाचेतला मळ नाही. वापरलेल्या अमेरिकन प्रतींत पन्नास वर्षांचा सिगारेटचा धूर, बोटांचं तेल आणि जुन्या फवाऱ्यांचे थर असतात. आपल्याकडे कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यातली बुरशी त्यात भर घालते.

बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी घ्या. नळाचं किंवा आरओचं नको, वाळल्यावर त्यातले क्षार खाचेत राहतात. अर्धा लिटर पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब पुरे. लेबल झाकून, मऊ मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेनेच गोल पुसा, नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा पुसून उभी वाळू द्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल घालायचंच असेल तर थोडं, आणि फक्त विनाइल एलपीवर. अमेरिकेतल्या ४५ फेऱ्यांच्या सोल सिंगल्सपैकी पुष्कळ स्टायरीन या वेगळ्या प्लास्टिकच्या आहेत, त्यांना अल्कोहोल लावू नका. लाखेच्या ७८वाल्या तबकड्यांना तर अजिबात नाही, लाख विरघळते.

धुतल्यावर कागदाच्या जुन्या आतल्या पाकिटात परत घालू नका. ते पाकीट कव्हरमध्ये जपून ठेवा आणि रेकॉर्डसाठी नवं प्लास्टिकचं अस्तर असलेलं पाकीट घ्या.

वजन

इथे पहिल्यांदा एक उपकरण विकत घ्यायचं आहे: सुई रेकॉर्डवर किती वजनाने टेकते ते मोजायचा छोटा डिजिटल काटा. टोनआर्मच्या मागच्या चकतीवरच्या आकड्यांवर विसंबू नका, कारण शून्य चुकलं की पुढचे सगळे आकडे चुकतात.

"वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड कमी झिजते" हा समज फार पसरलेला आहे, आणि तोच सर्वाधिक नुकसान करतो. हलकी सुई जोरदार वळणांवर खाचेची भिंत सोडते आणि परत आदळते. प्रत्येक आदळणं भिंतीचा कण उडवतं. कंपनीने दिलेल्या मर्यादेत राहा, आणि शेवट फाटत असेल तर त्या मर्यादेच्या वरच्या भागात. उदाहरणार्थ, ऑर्टोफोन २एम रेड या कार्ट्रिजची मर्यादा १.६ ते २.० ग्रॅम आहे, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईची १.८ ते २.२. मोजताना काट्याची वरची पातळी रेकॉर्डच्या पातळीजवळ असू द्या.

त्याच वेळी प्लेयर सपाट आहे का ते स्पिरिट लेव्हलने बघा, आणि रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना टोनआर्म रेकॉर्डला समांतर दिसतो का तेही. ही दोन्ही कामं पाच मिनिटांची आहेत.

अँटी-स्केट: कोणता स्पीकर फाटतो ते ऐका

फिरणारी रेकॉर्ड टोनआर्मला आत ओढत असते. हा ओढा तोलायला टोनआर्मला बाहेरच्या दिशेने दिलेला हलका जोर म्हणजे अँटी-स्केट. त्यामुळे सुई खाचेच्या आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरच्या भिंतीवरची पकड सैल होते. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये डावा चॅनेल आतल्या भिंतीवर कोरलेला असतो, उजवा बाहेरच्या. म्हणून उजवा स्पीकर जास्त फाटत असेल तर अँटी-स्केट कमी पडतंय, थोडं वाढवा. डावा फाटत असेल तर जास्त झालंय, कमी करा. वजनाच्या आकड्याइतकंच अँटी-स्केट ठेवून सुरुवात करा आणि मग कानाने ठरवा.

यासाठी साठच्या दशकातली एखादी मोनो रेकॉर्ड मिळाली तर सोनंच. अरीथा फ्रँकलिनचा १९६७चा 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू' तेव्हा मोनोमध्येही निघाला होता. मोनोमध्ये दोन्ही भिंतींवर एकच आवाज असतो, त्यामुळे डावा-उजवा फरक जो काही ऐकू येईल तो संगीतातला नसतो. हेडफोन लावा, ॲम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण बंद ठेवा आणि दोन कानांतला फरक ऐका. फरक अँटी-स्केटने कमी झाला नाही, तर समोरून बघा: कार्ट्रिज एका बाजूला कलंडलं आहे का?

कार्ट्रिजची मांडणी

माझ्या अनुभवात दुरुस्ती सर्वाधिक वेळा इथेच सापडते, आणि लोक इथेच येत नाहीत, कारण स्क्रू उघडायची भीती वाटते.

टोनआर्म एका खुंटीभोवती फिरतो, त्यामुळे सुई पूर्ण बाजूभर खाचेला सरळ राहूच शकत नाही. ती फक्त दोन ठिकाणी अगदी सरळ असते. प्रचलित बेअरवाल्ड पद्धतीत ही ठिकाणं मधल्या खिळ्याच्या केंद्रापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. कार्ट्रिज दोन मिलिमीटर मागे बसलं तर ही ठिकाणं हलतात. तिरकेपणा बाहेर फारसा कळत नाही, पण आतल्या दाटीत लगेच ऐकू येतो.

प्रोट्रॅक्टर म्हणजे कागदावर छापलेली मोजपट्टी. फुकट उतरवता येतो, पण छापल्यावर त्यावरची १०० मिलिमीटरची रेघ फूटपट्टीने मोजा. प्रिंटरने पान लहान केलं असेल तर सगळं व्यर्थ. सुई दोन्ही ठिपक्यांवर टेकवून बघा. कार्ट्रिजच्या डब्याकडे न बघता कॅन्टिलीव्हर रेघांना समांतर आहे का ते बघा, कारण पुष्कळ कार्ट्रिजमध्ये दोन्ही एका रेषेत नसतात. स्क्रू सैल करताना सुईवर टोपण हवंच, आणि सुई निघत असेल तर काढूनच ठेवा. घट्ट करताना दोन बोटांचा जोर पुरे. टेक्निक्स एसएल-१२०० या प्लेयरवर काम सोपं आहे: हेडशेलच्या (कार्ट्रिज बसवायच्या पुढच्या तुकड्याच्या) मागच्या बसायच्या कडेपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर.

मांडणी बदलली की वजन बदलतं. पुन्हा मोजा, मगच रेकॉर्ड लावा.

स्वस्त सुटकेस-प्लेयरमध्ये यातलं काहीच हलवता येत नाही. सिरॅमिक कार्ट्रिज, चार-पाच ग्रॅमचा दाब आणि गोल सुई असते. त्यावर शेवटचं गाणं थोडं फाटणारच. ऐकायला हरकत नाही, पण मूळ छापाच्या महागड्या प्रती त्यावर लावू नका.

सुई बदला

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरी फाटतंय, तर सुईचे तास मोजा. ऑडिओ-टेक्निका आपल्या व्हीएम९५ मालिकेसाठी गोल सुईला ५०० तास देते, लंबगोल सुईला ३००, मायक्रोलिनियर या अगदी अरुंद टोकाच्या सुईला १०००. एका एलपीची ४० मिनिटं धरली तर ३०० तास म्हणजे ४५० एलपी. रोज एक ऐकणाऱ्याची सुई सव्वा वर्षात संपते. झिजलेल्या सुईचं टोक छिन्नीसारखं होतं, आणि ती आतल्या खाचांचं कायमचं नुकसान करते.

बदलायचीच असेल तर टोकाचा आकार बदलण्याचा विचार करा. व्हीएम९५च्या सगळ्या सुया एकाच बॉडीवर बसतात, त्यामुळे गोल किंवा लंबगोल काढून मायक्रोलिनियर लावता येते. ती अरुंद असल्याने त्या ०.०२ मिलिमीटरच्या वळणांत उतरते. शेवटच्या गाण्यात यापेक्षा मोठा फरक करणारी दुसरी खरेदी मला माहीत नाही. मात्र मांडणी चुकलेली असेल तर अशी सुई गोल सुईपेक्षाही वाईट वाजते, म्हणून ती या क्रमात इतकी खाली आहे.

जुन्या साठ्यातल्या सीलबंद सुईचा मोह टाळा. हिरा तसाच असतो, पण कॅन्टिलीव्हरला धरणारं रबर पाकिटातच कडक होतं.

आता रेकॉर्डवर निकाल द्या

चांगली सुई, योग्य मांडणी, धुतलेली रेकॉर्ड, आणि तरी फक्त त्याच ॲल्बमचा शेवट फाटतो? मग तो कोणीतरी पूर्वी जड किंवा झिजलेल्या सुईने वाजवून खरवडलेला आहे. याला इलाज नाही. वेगळ्या आकाराची सुई कधी भिंतीच्या न झिजलेल्या भागावर बसते आणि बराच आवाज परत मिळतो, तेवढाच प्रयत्न करून बघा.

नवी प्रत घेताना १८० ग्रॅमच्या जाडीवर भुलू नका. जाडीने खाचेची लांबी बदलत नाही. तोच ॲल्बम दोन तबकड्यांवर किंवा ४५ फेऱ्यांवर काढलेला असेल, तर मात्र फरक पडतो, कारण सुईखालून जास्त खाच सरकते. वापरलेली घेताना लक्षात ठेवा की विक्रेते दर्जा बहुधा नजरेने ठरवतात आणि हा दोष नजरेला दिसत नाही. मी विक्रेत्याला एकच विनंती करतो: दोन्ही बाजूंचं शेवटचं गाणं हेडफोनवर ऐकून सांगा. जो ऐकून सांगतो, त्याला थोडे जास्त पैसे द्यायला माझी ना नसते.

इथे थांबा, कारागिराला बोलवा

टोनआर्म शून्य वजनावर तरंगत ठेवा आणि फुंकर घाला. तो अडखळत असेल, एका जागी थांबत असेल, किंवा बुडाशी धरून हलवल्यावर खटखट जाणवत असेल, तर बेअरिंग गेलेलं आहे. ते घरी उघडू नका. आतल्या गोळ्या आणि स्क्रू पुन्हा जुळवणं सवयीचं काम आहे.

हेडशेलच्या चार केसाइतक्या वायरींपैकी एखादी तुटली तर कार्ट्रिजच्या पिनवर थेट सोल्डरिंग करू नका. उष्णतेने आतली कॉइल तुटते. वाकलेली कॅन्टिलीव्हर आणि हिरा बदलून घेणं हेही तज्ज्ञाचं काम आहे, आणि साध्या कार्ट्रिजसाठी ते परवडतही नाही. तिथे नवी सुई घ्या.

नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला प्लेयर असेल तर लावण्याआधी मागची पट्टी वाचा. ११० व्होल्टचा असेल तर थेट आपल्या २३० व्होल्टवर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावला तरी ६० हर्ट्झसाठी बनवलेली सिंक्रोनस मोटर (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या भागाने हळू फिरते, आणि सोल गायक अल ग्रीनचा आवाज सुमारे तीन अर्धसूर खाली येतो. त्यासाठी पुली किंवा मोटरचा पुरवठा बदलावा लागतो. विजेच्या बाजूचं झाकण उघडायची वेळ आली की स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि टर्नटेबल दुरुस्त करणाऱ्याकडेच न्या. नेताना टोनआर्म क्लिपमध्ये बांधा, सुई काढून वेगळ्या डबीत ठेवा, आणि फाटणारी रेकॉर्ड सोबत न्या, म्हणजे तो तिथेच लावून ऐकू शकेल.